दिवा लुकलुकतो, पण त्याला सांगतो कोण?



आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, असे आपण प्रत्येक निबंधात लिहितो. फळ्यावरच्या सुविचारातही लिहितो. पण ते विज्ञान आपल्या हातात किती आहे आणि कपाटात किती आहे, याचा विचार मी या लेखात मांडणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हायस्कूलचे काही ताई-दादा चार शनिवार आपल्या शाळेत आले होते, हे सर्वांना माहीत आहे. मायक्रोकंट्रोलर नावाच्या वस्तूला प्रोग्राम देऊन एक छोटा एलईडी दिवा लुकलुकवायला त्यांनी शिकवले. जाताना ते दोन संच शाळेला देऊन गेले. ते संच आता ऑफिसच्या कपाटात आहेत. पोरे मोडतील म्हणून कपाटाला कुलूप आहे. संच इथेच ठेवायचे की हायस्कूलला परत पाठवायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत ठरणार आहे. काही मोठी माणसे म्हणतात, "एवढ्याशा पोरांना कशाला पायजे ते?"

माझे मत असे आहे की ते संच इथेच राहावेत आणि कुलपाच्या बाहेर राहावेत. का, ते आता सांगते.

ही वस्तू आहे तरी काय?

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी आधी वस्तूची माहिती देते. पत्त्यांतल्या पत्त्यापेक्षा लहान अशी एक निळी पाटी असते. तिचे नाव आर्डुइनो उनो. तिच्यावर मधोमध एक काळी लांबट वस्तू असते. तिला एका बाजूला १४ आणि दुसऱ्या बाजूला १४ असे २८ पाय असतात. माझी मैत्रीण बघताच म्हणाली, "अगं, ही तर गोम हाय!" तीच गोम म्हणजे मायक्रोकंट्रोलर. तिच्या पोटात हिशोब करणारा भाग, लक्षात ठेवणारा भाग आणि बाहेरच्या वस्तूंशी बोलणारा भाग, असे सगळे एकत्र असते. म्हणजे तो एक छोटा कॉम्प्युटरच झाला. त्याला पडदा नाही आणि बटणांची पाटीही नाही. त्याची आठवण फार थोडी, फक्त ३२ केबी. मोबाईलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावत नाही. पण काम मात्र भराभर. एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके मोजते ही गोम.

एलईडी म्हणजे तो चिमुकला दिवा. त्याला दोन पाय असतात, एक लांब व एक आखूड. लांब पाय अधिक बाजूला आणि आखूड पाय उणे बाजूला लावायचा. उलटा लावला तर दिवा लागत नाही. वाटेत एक रेझिस्टर घालायचा. पाटाला पाणी जोरात आले की आपण तोंडाशी माती लावतो आणि सरीत बेताचे पाणी सोडतो. तसेच काम हा रेझिस्टर विजेसाठी करतो. आर्डुइनोतून ५ व्होल्ट वीज येते आणि लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. म्हणून २२० ओहमचा रेझिस्टर लावायचा. तो नसला तर दिवा जळू शकतो.

मग लॅपटॉपवर प्रोग्राम लिहायचा आणि वायरीने त्या गोमेच्या पोटात पाठवायचा. आपल्या भाषेत तो प्रोग्राम असा आहे :

१) १३ नंबरच्या भोकाला बाहेर वीज द्यायच्या कामाला लाव.
२) १३ नंबरला वीज दे.
३) १००० थांब.
४) १३ नंबरची वीज बंद कर.
५) १००० थांब.
६) पुन्हा २ पासून सुरू कर. कधीच थांबू नको.

१००० म्हणजे १००० सेकंद नव्हेत. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले १००० भाग, म्हणजे बरोबर एक सेकंद. एवढे लिहिले की दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. नंतर लॅपटॉप काढून घेतला आणि पॉवर बँक लावली तरी दिवा लुकलुकतच राहतो. वीज गेली आणि परत आली तरी तो विसरत नाही. पाठांतर पक्के!

हे कवायतीसारखे आहे

मला हे सगळे कवायतीसारखे वाटते. गुरुजी म्हणतात, "हात वर!" आपण हात वर करतो. गुरुजी म्हणतात, "खाली!" आपण खाली करतो. पण कवायतीत आपण थोडे आपल्या मनानेही समजून घेतो. गुरुजी "खाली" म्हणायला विसरले तर आपण हळूच हात खाली घेतो. मायक्रोकंट्रोलर तसे करत नाही. सांगितले तेवढेच करतो. जास्त नाही, कमी नाही.

ताईंनी आम्हाला एक गंमत दाखवली. त्यांनी ५ नंबरची ओळ मुद्दाम पुसून टाकली. म्हणजे 'वीज बंद कर' आहे, पण त्यानंतरचे 'थांब' नाही. आता काय होईल, असे त्यांनी विचारले. सगळ्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. प्रत्यक्षात दिवा सारखा लागलेलाच दिसला! कोणी म्हणाले बिघडला, कोणी म्हणाले वायर निसटली. पण काहीच बिघडले नव्हते. दिवा विझत होता, पण विझल्याबरोबर लगेच पुन्हा लागत होता. तो वेळ इतका लहान की डोळ्याला कळतच नव्हता. ताई म्हणाल्या, "यंत्रानं ऐकलं. आपणच सांगितलं नव्हतं."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

मग १००० च्या जागी ५०० घातले, १०० घातले, ५० घातले. दिवा अधिकाधिक घाईने डोळे मिचकावू लागला. १० घातल्यावर सेकंदाला ५० वेळा लागतो-विझतो, पण आपल्याला तो सारखा लागलेलाच वाटतो. म्हणजे डोळ्यांनी दिसते तेच सगळे खरे असते असे नाही. हे पुस्तकात वाचून पटले नसते.

आबांचा प्रश्न

घरी हे सांगितले तेव्हा आमचे आबा म्हणाले, "अगं, बटण दाबलं की लागतोय दिवा, दाबलं की विझतोय. त्याला एवढा खटाटोप कशाला?"

आबांचा प्रश्न चुकीचा नाही. नुसता दिवा लावायचा असेल तर बटण बरे. पण बटण दाबायला माणूस लागतो. रात्री लागतो, पावसात लागतो, चिखलात लागतो. प्रोग्राम म्हणजे माणसाने आपले सांगणे यंत्राजवळ ठेवून जाणे. दिवा हा फक्त पहिला धडा आहे. आपण 'ग म भ न' गिरवतो ते काही फक्त गमभन लिहिण्यासाठी नाही. पुढे पत्र लिहिता यावे, सातबारा वाचता यावा, म्हणून गिरवतो. तसेच हे आहे.

आबांना मी विचारले, "आपल्या मोटरीवर काय बसवलंय?" आबा हसायला लागले. कारण आमच्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर आहे. त्याच्यात सिमकार्ड असते. बाबा घरातून फोन लावतात आणि मोटर चालू होते. लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे तिन्ही फेज आल्याचे सांगतात. एक फेज नसेल तर स्टार्टर मोटर चालू करत नाही. विहिरीतले पाणी संपले तर मोटर बंद करतो. पूर्वी रात्रपाळीची लाईट असली की बाबा बॅटरी आणि काठी घेऊन उसातून जायचे. सापाची भीती, विंचवाची भीती. ते येईपर्यंत आई जागी असायची. आता फक्त दारं धरायला जावे लागते, नुसती मोटर चालू करायला जावे लागत नाही.

त्या स्टार्टरच्या पोटातही अशीच एक गोम असते. 'जर तिन्ही फेज असतील तर चालू कर, नाहीतर थांब,' असे कोणीतरी तिला सांगून ठेवलेले असते. दिवा लुकलुकवणे आणि मोटर चालू करणे यांत रीत एकच आहे. फक्त मोटरीला मध्ये मोठा स्विच लागतो, कारण तिला वीज खूप लागते.

पण तो स्टार्टर बिघडला की तालुक्याच्या गावी न्यावा लागतो. दुरुस्त करणारे बघतात आणि सांगतात, "कार्ड गेलंय. नवीन टाकायला लागतंय." खरेच कार्ड गेले की नुसती वायर निसटली, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येते? तोपर्यंत ऊस वाळतो. गावात अशी चार मुले-मुली तयार झाली, तर निदान पेटी उघडून बघता तरी येईल.

यंत्र सांगतंय ते खरं?

दुसरे उदाहरण दूध संस्थेचे. आई रोज सकाळी म्हशीचे दूध घालते. तिथे मशीनमध्ये थोडे दूध घालतात आणि पडद्यावर फॅटचा आकडा येतो. त्यावर दर ठरतो. कधी फॅट कमी आली की आई म्हणते, "मशीन सांगतंय ते खरं, आपण काय करणार?"

मला या गोष्टीचा फार विचार करावासा वाटतो. मशीन बरोबर सांगत असेलही. बहुतेक वेळा बरोबरच असेल. पण मशीन स्वतःच्या मनाने काही सांगत नाही. दूध कसे तपासायचे, आकडा कसा काढायचा, कितव्या आकड्याला किती दर लावायचा, हे सगळे कोणा ना कोणा माणसाने त्याला सांगितलेले असते. ज्याने दिवा लुकलुकवला त्याला हे कळते. त्याला यंत्राची भीती वाटत नाही आणि यंत्राची पूजाही करावीशी वाटत नाही. तो नम्रपणे विचारतो, "याला काय सांगितलंय? शेवटचं कधी तपासलंय?" विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

माझ्या मते दिवा लुकलुकवण्याचा खरा फायदा हाच आहे. यंत्राच्या मागे माणूस असतो, हे त्यातून कळते.

पूर आणि 'जर-तर'

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आला. तेव्हा आम्ही फार लहान होतो, पण घरी अजून त्या गोष्टी निघतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पाणीपातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते आणि २०२१ साली ५६ फुटांच्या वर.

आता बघा, हा नियम आपण प्रोग्रामसारखाच लिहू शकतो. जर पाणी ३९ फुटांच्या खाली असेल तर हिरवा दिवा. जर ३९ च्या वर गेले तर पिवळा दिवा सावकाश लुकलुकव. जर ४३ च्या वर गेले तर लाल दिवा घाईने लुकलुकव. हे 'जर-तर' चौथीच्या मुलाला नक्की कळते. दोन तारांना पाणी लागले की आर्डुइनोला ते समजते, हे दादांनी पाण्याच्या ग्लासात करून दाखवले. मला वाटते, आपल्या ओढ्याच्या फरशीपुलाची लहान प्रतिकृती करून असा दिवा विज्ञान प्रदर्शनात मांडता येईल. खऱ्या पुरात अशा खेळण्यावर विसंबून पुलावर जायचे नाही, हेही तिथे मोठ्या अक्षरात लिहू. पण आज जो खेळ करतो तो उद्या खरे यंत्रही करू शकेल.

आणि आपल्या मातीत ही कल्पना नवी नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरले की आपोआप मिटतात. त्यांच्यात कुठलीही गोम नाही. 'पाणी एवढे झाले तर उघड' हा हुकूम लोखंडाच्या वजनात आणि तोलात घालून ठेवला आहे. ते धरण बांधायला राजर्षी शाहू महाराजांनी सुरुवात केली. म्हणजे यंत्राजवळ सांगणे ठेवून जाण्याची रीत कोल्हापूरला जुनीच आहे.

हे कोणी केले?

डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत कामगार होते. लाल झाला, हिरवा झाला, पण चांगला निळा एलईडी काही केल्या जमेना. निळ्याशिवाय पांढरा उजेडही मिळेना. शेवटी जपानच्या तीन शास्त्रज्ञांनी तो केला आणि त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी शुजी नाकामुरा यांचा जन्म शिकोकू बेटावरच्या इकाता या लहानशा गावात झाला. आज आपल्या घरात, शाळेत आणि रस्त्यावरच्या खांबावर जे पांढरे एलईडी दिवे आहेत, ते त्या शोधामुळेच.

आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ या गावी तयार झाले. ते शास्त्रज्ञांसाठी केलेच नव्हते. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी केले होते. त्याचा नकाशा त्यांनी सर्वांना खुला ठेवला. म्हणून तशी पाटी कोणीही बनवू शकतो आणि ती स्वस्त मिळते. ब्रिटनमध्ये २०१६ साली मायक्रोबिट नावाची अशीच छोटी पाटी जवळजवळ १० लाख शाळकरी मुलांना फुकट वाटली. तिच्यावर २५ लाल दिवे असतात.

आपला देशही मागे नाही. महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात झाला. आता सी-डॅकच्याच तिरुवनंतपुरमच्या केंद्राने तेजस-३२ ही आपल्या देशाची चिप आणि तिच्यासाठी एरीस नावाची पाटी केली आहे. तिच्यावरही आर्डुइनोसारखाच दिवा लुकलुकवता येतो.

या सगळ्यांत दोन माणसे खेड्यात जन्मलेली आहेत आणि एक खाणकामगाराचा मुलगा आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

लोक काय म्हणतात आणि मला काय वाटते

पहिले म्हणणे : "आधी वाचायला-लिहायला, पाढे यायला पायजेत." हे अगदी खरे आहे. वाचनाचा तास काढून संच द्या, असे मी म्हणत नाही. पण दिवा लुकलुकवताना गणित लागतेच. अर्ध्या सेकंदाला ५००, पाव सेकंदाला २५०, हे लगेच सांगावे लागते. शुद्धलेखनही लागते. आपण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देतो, तसा प्रत्येक हुकुमाच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. तो राहिला तर सगळा प्रोग्राम अडून बसतो. ज्यांना वहीत विरामचिन्हे द्यायचा कंटाळा येतो, तेही इथे शोधून शोधून देतात.

दुसरे म्हणणे : "ते सगळं इंग्लिशमध्ये असतंय, खेड्यातल्या पोरांना जमणार नाही." मी मोजले आहे. दिव्याच्या प्रोग्रामात व्हॉइड, सेटअप, लूप, पिनमोड, आउटपुट, डिजिटलराईट, हाय, लो आणि डिले एवढे नऊच शब्द आहेत. चौथीच्या इंग्रजीच्या पुस्तकात यापेक्षा किती तरी जास्त शब्द आहेत. अर्थ मराठीत कळला की हे नऊ शब्द एका शनिवारी पाठ होतात.

तिसरे म्हणणे : "मोडलं म्हंजे?" मोडेल. एखादा एलईडी जळेल. सुटा एलईडी दोन-चार रुपयांना मिळतो. पण कपाटात ठेवूनही वस्तू टिकतेच असे नाही. आपल्या शाळेतल्या जुन्या हार्मोनियमला कोणी हात लावला नाही, तरी उंदरांनी भाता खाल्ला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्री इंजिनाचे भाग करतात. ते लांबून बघून शिकले का? उघडून, जोडून, परत उघडून शिकले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे गुरुजीच सांगतात.

चौथे म्हणणे : "सहावीत गेल्यावर शिकतील की." खरे आहे. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबही सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग सहावीपासून सांगितले आहे. पण लवकर शिकू नका, असे त्यात कुठे सांगितले आहे? नदीकाठची मुले पोहायला सहावीची वाट बघत नाहीत. शिवाय आपल्यातली काही मुले ऊसतोडीच्या वेळी मध्येच गाव बदलतात. त्यांना पुढच्या गावी लॅब मिळेलच असे नाही. आज हातात आहे ते आज शिकावे.

पाचवे म्हणणे माझ्या मामेभावाचे आहे. तो कॉलेजला आहे. तो म्हणतो, "आता कॉम्प्युटरला तोंडानं सांगितलं की तोच प्रोग्राम लिहून देतो. तुम्ही कशाला शिकताय?" त्याने मोबाईलवर करूनही दाखवले. प्रोग्राम बरोबर आला. मी विचारले, "आता दिव्याचा लांब पाय कुठं घालायचा?" तो थांबला. वायरी कोणी तोंडाने सांगून जोडल्या जात नाहीत. आणि लिहून आलेला प्रोग्राम बरोबर की चूक, हे ज्याला वाचता येत नाही तो कोणाला विचारणार? दुसऱ्याकडून पत्र लिहून घेणाऱ्यालाही वाचता आले पाहिजे. नाहीतर कोणी काहीही लिहून सही घेईल.

सहावे म्हणणे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात असते. "वायरी मुलांनी जोडाव्यात, मुलींनी लिहून घ्यावं." चार शनिवारांत काही गटांत असेच झाले. मुलांनी संच हातात धरला आणि मुलींच्या हातात वही आली. शेवटच्या शनिवारी माझी मैत्रीण उठून म्हणाली, "मी जोडतो की! मला बी हात हाईत." तिने जोडला आणि दिवा पहिल्या झटक्यात लागला. घरात गॅसची नळी मुली बदलतात, मोटरीचे बटण मुली दाबतात, मग हेच का नको? शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. शिक्षण हे हुशार चार मुलांसाठी नाही, सर्वांसाठी आहे, असेच त्यांना सांगायचे होते. मग दोन संचही सर्वांचे.

माझ्या विनंत्या

नुसती तक्रार करू नये, उपायही सांगावा, असे बाई नेहमी म्हणतात. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला व पालकांना माझ्या या नम्र विनंत्या आहेत :

१) दोन्ही संच आपल्या शाळेतच ठेवावेत.
२) आनंददायी शनिवारी एक तास ते बाहेर काढावेत. तिसरी आणि चौथीच्या सर्व मुलांना पाळीपाळीने द्यावेत. पाळीची यादी फळ्याशेजारी लावावी.
३) प्रत्येक गटात जोडणारा, लिहिणारा आणि तपासणारा दर शनिवारी बदलावा. मुलगा असो वा मुलगी.
४) संच देताना आणि घेताना सामान मोजून वहीत नोंद करावी. ती वही आम्ही चौथीची मुले सांभाळू.
५) घरातले मोडके खेळणे, जुनी बॅटरी, बंद पडलेली माळ टाकून देऊ नये, शाळेत द्यावी. त्यातले दिवे आणि वायरी कामाला येतात. पण घरातल्या लाईटच्या बोर्डाला कोणीही हात लावायचा नाही. आपला संच ५ व्होल्टचा आहे, घरातली लाईट २३० व्होल्टची आहे, हे पक्के लक्षात ठेवावे.
६) गावातल्या ज्या दादांना मोटर भरता येते, स्टार्टर जोडता येतो, त्यांना एखाद्या शनिवारी शाळेत बोलवावे. त्यांच्याकडूनही आम्हाला शिकायचे आहे.

पाच आणि सहा या विनंत्यांना काहीच खर्च नाही. बाकीच्यांनाही नाही. एक किल्ली फिरवायची आहे.

पालकहो, तुम्ही आज शाळा बघायला आला आहात. भिंतीवरची चित्रे बघा, आमचे पाढे ऐका, आणि जाताना ऑफिसच्या कपाटाकडेही एकदा बघा. त्यात दोन निळ्या पाट्या आहेत. त्यांना सांगितले तर त्या दिवा लुकलुकवतील, पुराचा इशारा देतील, मोटर चालू करतील. पण त्यांना सांगणारे कोणीतरी पाहिजे. ते सांगणारे नेहमी दुसऱ्याच गावचे का असावेत? आपल्या गावचे का नसावेत?

सभेत आपले मत जरूर द्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
इयत्ता चौथी